डर्बीशायरमध्ये तीन दिवस: उमरावांचे वाडे, गावातले पब आणि जुन्या हॉटेलांतला मुक्काम

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलांकडे आई-बाबा आले की आधी लंडन, मग स्कॉटलंड किंवा लेक डिस्ट्रिक्ट हा क्रम ठरलेला असतो. मधल्या डर्बीशायरकडे फार थोडे जण वळतात. खरं तर दोन रात्रींच्या सहलीसाठी इतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. बेकवेल हे छोटं बाजाराचं गाव मध्यभागी धरलं, तर सहा-सात किलोमीटरच्या आत चॅट्सवर्थ आणि हॅडन हे दोन मोठे वाडे येतात. तासाभराच्या आत-बाहेर हार्डविक आणि केडल्स्टन आहेत. हा सगळा भाग पीक डिस्ट्रिक्टमध्ये किंवा त्याच्या काठावर येतो. ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९५१ साली इथेच झालं.

ही सहल फसते ती बहुतेक वेळा घड्याळामुळे. वाड्यांचा शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी संपतो, पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीचला बंद होतं आणि हॉटेलात तीनच्या आधी खोली मिळत नाही. या तीन वेळा एकमेकींत अडकल्या की दिवस गाडीत आणि दारं ठोठावण्यात जातो. म्हणून आमचा आग्रह एकच: दोन रात्री एकाच ठिकाणी मुक्काम आणि दिवसाला एकच मोठं घर. तीन दिवसांत चार वाडे उरकणाऱ्यांच्या लक्षात शेवटी फक्त पार्किंगच राहतं.

कधी जावं

मेचा दुसरा पंधरवडा ते जुलैची सुरुवात हा उत्तम काळ. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, हॅडनच्या गच्चीबागेत गुलाब फुललेले असतात आणि इंग्लंडमधल्या शाळांची मोठी सुट्टी अजून लागलेली नसते. सप्टेंबरही छान. चॅट्सवर्थचं घर जानेवारीच्या सुरुवातीपासून मार्चपर्यंत बंद असतं. हॅडन साधारण एप्रिल ते ऑक्टोबर आणि नाताळाआधीचे काही आठवडे उघडं असतं. हार्डविक आणि केडल्स्टन इथे बाग उघडी पण घर बंद असे वारही असतात. त्यामुळे संकेतस्थळावर केवळ ‘उघडं आहे’ एवढं वाचून निघू नका. बाग, घर आणि कॅफे यांच्या वेळा वेगवेगळ्या दिलेल्या असतात, त्यात घराची ओळ शोधा. डिसेंबरात चारच्या आधीच अंधार पडतो. तेव्हा नाताळाच्या सजावटीसाठी चॅट्सवर्थला जाणं ठीक, बाकीचं सोडून द्या.

वार निवडता येत असेल तर बुधवार ते शुक्रवार घ्या. शनिवार-रविवारी बरीच हॉटेलं किमान दोन रात्रींची अट घालतात आणि दर चढे असतात. रविवार ते मंगळवार खोल्या स्वस्त मिळतात, पण गावातल्या कितीतरी पबमध्ये रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी-मंगळवारी स्वयंपाकघर बंद असतं. स्वस्तातल्या खोलीत वेफर्स खाऊन झोपायची वेळ येते ती यामुळे. बेकवेलचा आठवडे बाजार सोमवारी भरतो. गुरांचा बाजारही त्याच दिवशी असतो, आणि त्या दिवशी गावात गाडी लावायला जागा मिळणं कठीण.

नोकरीवाल्यांना शुक्रवार ते रविवारच जमतं, म्हणून पुढचा बेत तोच धरून सांगतो.

मुक्काम: काय विचारून खोली घ्यायची

खेड्यातल्या मुक्कामाच्या जागा साधारण तीन प्रकारच्या. पहिली, पबच्या वरच्या खोल्या. दुसरी, गावातलं जुनं हॉटेल किंवा घोडागाड्यांच्या काळातली सराय. तिसरी, मोठ्या आवारातलं बंगलेवजा ‘कंट्री हाऊस हॉटेल’. तिसऱ्या प्रकारात पैसे आवाराचे आणि जेवणाचे असतात. दिवसभर वाडे बघायला बाहेरच राहणार असाल तर ते पैसे वाया जातात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुसरा प्रकार घ्यावा.

या भागातली ओळखीची नावं: बास्लोचं कॅव्हेंडिश हॉटेल आणि बीलीचं डेव्हनशायर आर्म्स (दोन्ही चॅट्सवर्थच्या जहागिरीतली), रोझलीचं पीकॉक (ही इमारत १६५२ ची) आणि बेकवेलच्या चौकातलं रटलंड आर्म्स. गाडी नसेल तर बास्लो निवडा. लंडनच्या सेंट पँक्रसहून चेस्टरफील्डला थेट रेल्वे आहे, दोन तासांच्या आत पोहोचते. तिथून बेकवेलकडे जाणारी बस बास्लोत थांबते. बास्लोहून चॅट्सवर्थपर्यंत डरवेंट नदीच्या बाजूने उद्यानातून सपाट पायवाट आहे, साधारण अडीच किलोमीटर. मेंढ्यांच्या कुरणातून चालत वाड्यासमोर येणं गाडीने येण्यापेक्षा कितीतरी चांगलं, कारण वाडा हळूहळू, झाडांच्या फटींतून दिसू लागतो.

बुकिंग करताना पुढच्या गोष्टी फोनवर किंवा ईमेलने विचारून घ्या. संकेतस्थळावरच्या फोटोंत त्या दिसत नाहीत.

खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का? जुन्या सरायांमध्ये लिफ्ट बहुधा नसते. जिने अरुंद, वळणाचे आणि पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या असतात. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची किंवा अंगणापलीकडच्या जुन्या तबेल्यातली खोली मागा.

खोली बारच्या वर आहे का? शुक्रवारी-शनिवारी रात्री अकरापर्यंत आवाज असतो. मागच्या बाजूची खोली मिळते का ते विचारा.

शॉवर स्वतंत्र आहे की बाथटबमध्ये उभं राहून घ्यायचा? टबची कड फूट-दीड फूट उंच असते आणि वयस्कर माणसं तिथेच घसरतात. जेट स्प्रे कुठेच नसतो, म्हणून बॅगेत एक प्लास्टिकचा मग टाका. गरम आणि गार पाण्याचे नळ पुष्कळदा वेगवेगळे असतात. बाथरूममधल्या छोट्या सॉकेटवर फक्त दाढीचं मशीन आणि इलेक्ट्रिक ब्रश चालतात, फोन तिथे लावू नका.

दर खोलीचा की माणशी? त्यात नाश्ता आहे की रात्रीचं जेवणही? ‘डिनर, बेड अँड ब्रेकफास्ट’ असा दर असेल तर जेवणासाठी ठरावीक रक्कमच मोजली जाते. मेन्यूतले काही पदार्थ घेतले की वरचे पैसे द्यावे लागतात. ती रक्कम किती, हे आधीच विचारा.

उन्हाळ्यात एसीची अपेक्षा ठेवू नका. जाड दगडी भिंतींमुळे बहुतेक खोल्या गारच राहतात. वसंतात आणि शरदात मात्र हीटिंग ठरलेल्या तासांनाच चालू असतं, तेव्हा जादा ब्लँकेट संध्याकाळीच मागून ठेवा. रात्री दहानंतर छोट्या हॉटेलांच्या रिसेप्शनवर कुणी नसतं, बाहेरच्या दाराची किल्ली किंवा कोड तुमच्याकडेच देतात.

गाडीने जाणार असाल तर

भारतातलं लायसन्स ग्रेट ब्रिटनमध्ये आल्यापासून १२ महिने चालतं. भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांच्या वयाच्या अटी मात्र वेगळ्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच ती निवडा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. लंडनहून बेकवेल साधारण २४० किलोमीटर, तीन ते साडेतीन तास. लेस्टरहून दीड तास धरा.

वाहतूक डावीकडूनच असल्याने सवयीचं वाटतं, आणि चुकतं ते नेमकं त्यामुळेच. गावाबाहेर पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली की मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ६० मैलांची मर्यादा लागू होते. ही कमाल मर्यादा आहे, तेवढ्या वेगाने जायलाच हवं असं नाही. दोन्हीकडे दगडी गडगे, मधे एकच गाडी जाईल असा रस्ता आणि वळणावर ट्रॅक्टर, अशा जागी २५-३० पुरे. समोरून गाडी आली आणि रुंद जागा तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरा. उजवीकडे असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा आत शिरेल. उजवीकडच्या जागेत घुसू नका. हॉर्न वाजवू नका. हात वर करून आभार मानायची इथे रीत आहे.

दऱ्यांमध्ये मोबाईलला रेंज नसते. नकाशा आधीच ऑफलाईन उतरवून ठेवा, तिकिटांचे आणि बुकिंगचे स्क्रीनशॉट काढा आणि पार्किंगच्या यंत्रासाठी थोडी नाणी जवळ असू द्या. ॲपनेच पैसे घेणारं यंत्र आणि रेंज नाही, अशी पंचाईत इथे नेहमी होते.

तिकिटांचा हिशेब

सगळी जुनी घरं एकाच संस्थेची नाहीत, आणि नुकसान होतं ते इथेच. हार्डविक हॉल आणि केडल्स्टन हे नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. चॅट्सवर्थ स्वतंत्र धर्मादाय न्यासाकडून चालवलं जातं, तिथे नॅशनल ट्रस्टचं कार्ड चालत नाही. हॅडन खासगी मालकीचं आहे. हार्डविकच्या शेजारी उभा असलेला जुना पडका वाडा इंग्लिश हेरिटेज या तशाच दुसऱ्या संस्थेच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे केवळ या सहलीसाठी नॅशनल ट्रस्टचं वर्षाचं सभासदत्व घेऊ नका. वर्षभरात आणखी चार-पाच ठिकाणी जाणार असाल तर मात्र घ्या, कारण सभासदांना ट्रस्टच्या वाहनतळांवर बहुतेक ठिकाणी पार्किंगही फुकट असतं. डायरेक्ट डेबिटने घेतलेलं सभासदत्व दरवर्षी आपोआप वाढतं, हे ध्यानात ठेवा. भारतातून थोड्या दिवसांसाठी आलेल्यांकरिता दोन्ही संस्थांचे वेगळे पर्यटक पास असतात. तीन-चार घरं त्यांच्याच यादीतली बघणार असाल तरच ते परवडतात.

तिकीट खिडकीवर ‘गिफ्ट एड’सह की त्याशिवाय, असं विचारतात. गिफ्ट एड म्हणजे ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने तिकिटात थोडी देणगी मिळवून दिली की सरकार त्यावर संस्थेला करातली काही रक्कम देतं. तुम्ही तिथे प्राप्तिकर भरत असाल तर आनंदाने द्या, पैसा घराच्या डागडुजीलाच जातो. भारतातून आलेल्या आई-बाबांचं तिकीट त्यांच्या नावाने घेत असाल तर ‘त्याशिवाय’ सांगा. ते करदाते नसल्याने तो फॉर्म त्यांना लागूच होत नाही.

शनिवार: चॅट्सवर्थ

चॅट्सवर्थचं तिकीट प्रवेशाच्या वेळेसकट मिळतं. सकाळची पहिली वेळ घ्या आणि पार्किंगही त्याच वेळी ठरवून टाका. साडेअकरानंतर बसगाड्यांतून मोठे गट येतात आणि पायऱ्यांवर माणसं अडकतात. घराला दीड ते दोन तास, १०५ एकरांच्या बागेला किमान दोन तास आणि मुलं बरोबर असतील तर शेतातल्या जनावरांच्या विभागाला एक तास. क्रम असा ठेवा: आधी घर, मग बाराच्या ठोक्याला तबेल्यातल्या उपाहारगृहात लवकर जेवण (एक वाजता रांग दाराबाहेर येते), मग बाग.

बेस ऑफ हार्डविक आणि तिचा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश यांनी ही जहागीर १५४९ साली विकत घेतली. आज उभं आहे ते घर मुख्यतः त्यांच्या वंशातल्या, डेव्हनशायरच्या पहिल्या ड्यूकने १६८७ ते १७०७ या काळात नव्याने बांधून घेतलेलं. स्कॉटलंडची राणी मेरी हिला जुन्या घरात पुन्हा पुन्हा नजरकैदेत ठेवलं होतं. आत शिरल्यावर चित्रांनी मढवलेलं दालन बघून लोक छताकडे तोंड करून थांबतात. थांबाच, पण सगळी ताकद तिथेच संपवू नका. वर संगीताच्या दालनात अर्धवट उघडं दार आहे, त्याच्या मागच्या दारावर खुंटीला व्हायोलिन टांगलेलं दिसतं. पुढे होऊन नीट बघा. व्हायोलिन, गज, खुंटी आणि तिची सावली असं सगळं लाकडावर रंगवलेलं आहे. चित्रकार यान फान डर व्हार्ट. दोरीबाहेरून बघताना एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे सरकलात की फसवणूक कुठे तुटते ते कळतं.

खोल्या अंधाऱ्या का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. रेशीम, भरतकाम आणि जलरंग यांना उजेड लागला की रंग उडतो आणि तो परत येत नाही. म्हणून पडदे ओढलेले असतात. दारातून आत येताच पुढे सरकू नका, दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. फोटो काढता येतात, पण फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाहीत. पाठीवरची सॅक पुढे घ्या, मागे वळताना तिचा धक्का लागून चिनी मातीची भांडी पडतात. टोकदार टाचांच्या चपला टाळा. नॅशनल ट्रस्टच्या घरांत खुर्चीवर काटेरी बोंड किंवा पाइनचं फळ ठेवलेलं दिसलं तर ती शोभा नव्हे. त्या खुर्चीवर बसू नका, एवढाच त्याचा अर्थ. आणि दालनात उभ्या असलेल्या स्वयंसेवकांशी बोला. ‘या खोलीतली तुमची आवडती वस्तू कोणती?’ एवढं विचारलंत तरी माहितीफलकावर नसलेलं बरंच काही ऐकायला मिळतं.

बागेत एम्परर कारंजं आहे. रशियाचा झार येणार म्हणून सहाव्या ड्यूकच्या सांगण्यावरून इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने ते १८४४ मध्ये उभं केलं. झार आलाच नाही. याला पंप नाही. पॅक्स्टनने वरच्या माळावर तलाव खणला, तिथून पाणी उतरतं आणि केवळ उंचीतल्या फरकाने ते वर उसळतं. तलावात पाणी कमी असेल किंवा वारा जोराचा असेल तर कारंजं बुटकं ठेवतात किंवा बंद करतात. टेकडीवरून पायऱ्यापायऱ्यांनी पाणी उतरणारं कास्केडही दुरुस्तीसाठी कोरडं असू शकतं. मुलांना आधी कबूल करण्याआधी त्या दिवशी काय चालू आहे ते प्रवेशाशीच विचारून घ्या.

हाच पॅक्स्टन पुढे १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेसचा आराखडा देऊन प्रसिद्ध झाला. खानदेशातल्या माणसाने मात्र त्याला केळ्यासाठी आठवावं. १८३० च्या दशकात त्याने इथल्या काचघरात बुटक्या जातीची केळ वाढवून फळाला आणली आणि मालकाच्या कुटुंबावरून तिचं नाव कॅव्हेंडिश पडलं. जळगाव-रावेरची बसराई आणि आताची ग्रँड नैन ही दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातली.

चारच्या सुमारास बाग पुरे झाली की गाडी तिथेच ठेवून उद्यानातून एन्झर गावापर्यंत चालत जा. उद्यान फुकट आहे, तिकीट फक्त घर आणि बागेला. नजरेआड करण्यासाठी हे गाव १८३० ते १८४० च्या दशकांत हलवून नव्याने बसवलं. चर्चच्या आवारात पॅक्स्टनची कबर आहे आणि वरच्या बाजूला राष्ट्राध्यक्ष केनेडींची बहीण कॅथलीन हिचीही. तिचा विवाह याच घराण्यात झाला होता. परतताना पिल्स्लीतलं जहागिरीचं दुकान गाठायचं असेल तर ते बंद व्हायची वेळ आधी बघा. ते वाड्याच्या आवारात नाही, गाडीने जावं लागतं.

संध्याकाळी पब

पबमध्ये टेबलावर बसून वेटरची वाट बघत राहिलात तर कुणी येत नाही. आधी जागा शोधा, टेबलावरचा क्रमांक बघा, मग एकाने बारवर जाऊन जेवण आणि पेयं दोन्ही सांगायची आणि तिथेच पैसे द्यायचे. पेयं हातात मिळतात, जेवण टेबलावर येतं. बारवर रांग दिसत नसली तरी कोण आधी आला हे सगळ्यांना माहीत असतं. तुमच्या आधीच्या माणसाला सोडून तुम्हाला विचारलं तर ‘आधी हे’ म्हणून हात करा. नोट हलवून दाखवणं उद्धट समजतात. बारवर टिप देत नाहीत. टेबलावर येऊन ऑर्डर घेणाऱ्या जेवणघरात दहा टक्के चालतात, पण बिलात सेवाशुल्क आधीच लावलंय का ते बघा.

जेवणाच्या वेळा साधारण बारा ते अडीच आणि सहा ते साडेआठ-नऊ. बार अकरापर्यंत उघडा दिसतो म्हणून साडेनऊला जेवायला गेलात तर खारे शेंगदाणे मिळतील. शनिवारी रात्रीसाठी मंगळवार-बुधवारपर्यंत टेबल सांगून ठेवा आणि किती माणसं, लहान मुलं किती, तेही सांगा. मुलांना मोठ्यांबरोबर आत घेतात, पण पुष्कळ ठिकाणी आठ-नऊनंतर नाही. मुख्य पदार्थाला १५ ते २२ पौंड, एका पाइंटला साडेचार ते सहा पौंड धरून चाला.

बिअर घेणाऱ्यांसाठी: हाताने ओढायच्या लांब दांड्यांच्या पंपातून येते ती कास्क एल. पिंपातच मुरलेली, हलक्या फेसाची, तळघराच्या तापमानाला म्हणजे ११ ते १३ अंशांना दिलेली. भारतातल्या बर्फगार बाटलीची सवय असणाऱ्याला ती ‘गरम’ वाटते. ती तशीच प्यायची असते, गार केली की चव मिटते. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. आधी अर्धा पाइंट घ्या. दोन-तीन चवी घोटभर चाखायला मागितल्या तर बहुतेक ठिकाणी देतात. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर ग्लास परत न्या, बदलून मिळतो, त्यात संकोच नको. बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीची ‘जयपूर’ या भागात सहज दिसते. नाव बघून आपली माणसं हमखास घेतात. ती ५.९ टक्क्यांची आहे, नेहमीच्या चार टक्क्यांच्या हिशेबाने दोन पाइंट घेऊ नका. गाडी चालवणाऱ्याने काहीच घेऊ नये. त्याच्यासाठी लाइम-सोडा मागा, मेन्यूत नसला तरी सगळीकडे मिळतो आणि स्वस्त असतो.

शाकाहारी मंडळींनी इथे थोडं बारकाईने विचारायला हवं. इंग्लंडमध्ये शाकाहारी म्हणजे अंडं चालतं असं गृहीत असतं. अंडंही नको असेल तर व्हेगन खूण असलेले पदार्थ बघा, मग दुधाचं काही चालत असल्यास वेगळं मागून घ्या. मेन्यूत न दिसणाऱ्या जागा या: काही ठिकाणी चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. रविवारच्या रोस्टमध्ये शाकाहारी नट रोस्ट असला तरी त्यावर ओततात ती ग्रेव्ही मांसाची असू शकते, बटाटे चरबीत भाजलेले असू शकतात आणि यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतंच. गोड वाफवलेल्या पुडिंगमध्ये सूएट म्हणजे जनावराची चरबी असू शकते. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. स्टिल्टन चीजमध्ये पारंपरिक पद्धतीने वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरतात. आणि कास्क एल निवळायला पुष्कळदा माशापासून केलेला आयसिंग्लास घालतात. ‘यात मांस आहे का’ असं न विचारता ‘कशात तळलंय, ग्रेव्ही कशाची’ असं विचारा, तरच नेमकं उत्तर मिळतं.

हॉटेलचा नाश्ताही आदल्या रात्री सांगून ठेवा. पूर्ण इंग्लिश नाश्त्यात बेकन, डुकराचं सॉसेज आणि रक्त घालून केलेलं ब्लॅक पुडिंग असतं. शाकाहारी ताटात बीन्स, मशरूम, टोमॅटो, हॅश ब्राउन. मिळालाच तर डर्बीशायर ओटकेक मागा. ओट्सच्या पिठाचं आपल्या घावनासारखं मऊ, जाळीदार असतं, वर चीज आणि मशरूम घालून देतात. सकाळी तेवढं खाल्लं की दोनपर्यंत भूक लागत नाही.

शुक्रवारची दुपार किंवा रविवारची सकाळ: हॅडन

घरांमध्ये आम्हाला सगळ्यात जवळचं वाटतं ते हॅडन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं मालक मॅनर्स घराणं (रटलंडचे ड्यूक) बीव्हरच्या (Belvoir) किल्ल्यात राहू लागलं आणि हे घर दोनेकशे वर्षं जवळपास रिकामं राहिलं. मधल्या पिढ्यांनी इथे काही बदललंच नाही, त्यामुळे मध्ययुगातलं स्वयंपाकघर, दगडी फरशा, चर्चच्या भिंतींवरची पंधराव्या शतकातली चित्रं तशीच मिळाली. रटलंडच्या नवव्या ड्यूकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पुन्हा नांदतं केलं. स्वयंपाकघरात लाकडी ओट्यांवर सुरी चालून चालून पडलेले खोलगट खड्डे हाताच्या अंतरावरून दिसतात. वरच्या लांब सज्जात खिडक्यांच्या छोट्या चौकटी सरळ रेषेत नाहीत, काचा वेगवेगळ्या कोनांत फुगवट्यासारख्या बसवल्या आहेत. उन्हं आत आली की लाकडी भिंतीवर उजेडाचे तुकडे हलताना दिसतात. त्यासाठी ऊन असलेली वेळ साधा, ढगाळ दिवशी ती जागा अर्धीच दिसते.

अडचण एकच. वाहनतळ मोठ्या रस्त्यापलीकडे आहे, तो ओलांडून चढ चढावा लागतो आणि आत उखणलेले दगड, झिजलेल्या पायऱ्या. पायांचा त्रास असलेल्यांना इथे नेऊ नका. त्यांच्यासाठी चॅट्सवर्थ बरं, तिथे चाकाच्या खुर्चीची सोय आधी कळवून करता येते. दोन तास पुरतात, म्हणून शुक्रवारी दुपारी एकपर्यंत पोहोचत असाल तर हॅडन तेव्हाच करा आणि मग बेकवेलला खोली घ्या. बेकवेल पुडिंग पाण्याकाठी बसून खा. पापुद्र्याच्या पारीत जाम आणि वर बदाम-अंड्याचं मऊ सारण. दुकानांत आयसिंग लावलेला टार्ट मिळतो तो निराळा.

रविवारी परतताना: हार्डविक की केडल्स्टन

मोटरवेने लंडनकडे जाणार असाल तर हार्डविक वाटेवर आहे, एम-१ च्या २९ व्या फाट्याजवळ. चॅट्सवर्थची तीच बेस, चार लग्नांनंतर इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत बायकांपैकी एक झालेली. साठी ओलांडल्यावर तिने १५९० मध्ये हे बांधकाम काढलं आणि सात वर्षांत राहायला आली. वास्तुकार रॉबर्ट स्माइथसन. काच प्रचंड महाग होती त्या काळात तिने भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त उभ्या केल्या. बाहेरून बघताना लक्ष द्या: जसजसं वर जावं तसतशा खिडक्या उंच होतात, कारण मानाची दालनं सर्वांत वरच्या मजल्यावर आहेत. कळसांवर दगडात कोरलेली ‘ई’ आणि ‘एस’ ही तिची, म्हणजे एलिझाबेथ श्रूझबरीची, अक्षरं. वर जाणारा दगडी जिना लांबलचक आहे, पण तो चढल्याशिवाय लांब सज्जा आणि बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे १३ भिंतपडदे दिसत नाहीत. या पडद्यांच्या दुरुस्तीचं काम २४ वर्षं चालून २०२३ मध्ये संपलं.

लेस्टर किंवा डर्बीकडे उतरणार असाल तर केडल्स्टन. मराठी वाचकाने हे घर चुकवू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. लॉर्ड कर्झन इथे १८५९ साली जन्मला. कोलकात्याचं गव्हर्नमेंट हाऊस, पुढचं राजभवन (२०२५ पासून लोकभवन), याच घराच्या आराखड्यावरून वेलस्लीने बांधून घेतलं. वसईचा तह करणाऱ्या पेशव्याशी व्यवहार केला तो हाच गव्हर्नर जनरल. केडल्स्टनच्या आराखड्यात मुख्य इमारतीला चार उपइमारती होत्या, पण दोनच बांधल्या गेल्या. कोलकात्यात चारही उभ्या राहिल्या. १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन आलेला कर्झन म्हणजे आपल्या बालपणीच्या घराच्या प्रतिकृतीत राहायला आला. १९०५ ची बंगालची फाळणी त्याची, आणि लोकमान्यांच्या स्वदेशी-बहिष्काराला देशभर जोर आला तो त्यातूनच. संगमरवरी म्हणवल्या जाणाऱ्या दालनातले २० खांब प्रत्यक्षात अलाबास्टर या गुलाबी, मऊ दगडाचे आहेत. तळमजल्यावरच्या संग्रहालयात त्याने पूर्वेतून आणलेल्या वस्तू मांडलेल्या आहेत. तिथेच १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोराच्या पिसांच्या नक्षीचा पोशाख असतो. भरतकाम भारतीय कारागिरांच्या हातचं, शिवण पॅरिसच्या वर्थ या फॅशनघराची. प्रत्येक पिसाच्या डोळ्याच्या जागी भुंग्याचा हिरवा चकाकता पंख टाचला आहे. काचेजवळ जाऊन गुडघ्यात वाकून खालच्या घेराकडे बघा, तिथे टाके सर्वांत स्पष्ट दिसतात. पोशाख प्रदर्शनात आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

दोन्हीपैकी कुठेही जा, रविवारचं जेवण बारा-साडेबाराला उरका. रोस्ट संपला की संपला, तीननंतर बरेच पब फक्त पेयं देतात. रात्रीचं खाणं दुकानातून घ्यायचं असेल तर चारच्या आत घ्या. इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सहाच तास उघडता येतं, आणि ती बहुधा दहा ते चार किंवा अकरा ते पाच अशी असतात. भाड्याची गाडी असेल तर टाकीही मोटरवेला लागण्यापूर्वी गावातच भरा, मोटरवेवरच्या पंपांचा दर बराच जास्त असतो. पेट्रोलची नळी हिरवी, डिझेलची काळी. पावती गाडी परत देईपर्यंत जपून ठेवा.